आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : जड गिअरचं निदान

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, या सगळ्याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. आज त्याचं उत्तर आम्ही एका जुन्या गाडीच्या आधाराने देणार आहोत. गाडी इथलीच, सोनईची, शेतातल्या शेडमध्ये उभी असलेली.

गाडी १९७२ सालची प्रीमियर प्रेसिडेंट. गावात तिला सगळे फियाटच म्हणतात, आणि ते चुकीचं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. तिलाच १९७२ मध्ये प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी असं नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, पुढे जायचे गिअर चार, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'विंटेज' ठरते. म्हणजे आमच्या तरुणपणीची गाडी आता पुराणवस्तू झाली! आमचंही तसंच म्हणा.

तर झालं असं. दिवाळीत गाडीचं गिअरऑइल बदललं. मग काही महिने गाडी उभीच राहिली. उन्हाळ्यात बाहेर काढली तर गिअर पडेना. दांडा दोन्ही हातांनी ओढावा लागे, आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज. आम्ही लगेच निकाल दिला : नवं ऑइल चुकीचं. एका गॅरेजवाल्यांनी त्याहून मोठा निकाल दिला : गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल.

आता इथे थांबू. ऑइल आधी बदललं, गिअर नंतर जड झाला. एवढ्यावरून ऑइल हे कारण ठरतं का? आपल्याकडे म्हणतातच, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. नैयायिकांनी याचा फार बारीक विचार केला आहे. घडा होण्यापूर्वी माती हवी, चाक हवं, कुंभार हवा. माती वाहून आणणारं गाढवही त्याआधी दारात उभं असतं. म्हणून गाढव हे घड्याचं कारण का? नाही. माती दुसऱ्या कशानेही आणता आली असती. अशा पूर्वी असणाऱ्या पण कारण नसणाऱ्या गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. विश्वनाथाच्या 'भाषापरिच्छेदा'त तिचे पाच प्रकार दिले आहेत, आणि गाढव पाचव्यात येतं. आमचं ऑइल हे असं गाढव होतं की खरं कारण होतं, हे तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

तपासायचं कसं? आधी वाट समजून घेऊ. तुमच्या हातापासून गिअरच्या दातांपर्यंत तीन ठिकाणं लागतात. पहिलं, स्टिअरिंगच्या खांबावरून खाली गिअरबॉक्सपर्यंत जाणारे दांडे, त्यांचे सांधे आणि बुश. दुसरं, क्लच. त्याचं काम इंजिनचं फिरणं गिअरबॉक्सपासून क्षणभर तोडायचं. तिसरं, खुद्द गिअरबॉक्स आणि त्यातलं ऑइल. दुखणं यांपैकी कुठेही असलं तरी हाताला एकच कळतं : गिअर जड. लक्षण एक, घरं तीन.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा : इंजिन बंद असताना गिअर कसा पडतो? गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद म्हणजे आत काहीच फिरत नाही, मग क्लच सुटला काय नि न सुटला काय, फरक पडत नाही. तरीही सगळे गिअर जड असतील, तर संशय दांड्यांवर किंवा गिअरबॉक्सवर. एखादा गिअर अडला तर मात्र घाई नको. दातासमोर दात आला की चांगल्या गाडीतही गिअर अडतो. न्यूट्रल करून गाडी इंचभर ढकला आणि पुन्हा बघा.

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखा पडतो, चालू केलं की अडतो, अशी गाडी असेल तर? दोन्ही वेळा दांडे तेच, ऑइल तेच. बदललं ते फक्त इंजिनचं फिरणं. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. खात्री करायची तर क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. या गाड्यांत रिव्हर्सला वेग जुळवून देणारी सिंक्रो रिंग नसते, त्यामुळे आतलं चाक अजून फिरत असेल तर ते करकर करून सांगतं. क्लच दाबलेला असताना गाडी स्वतःहून सरकू लागली, तर पुरावा पक्का. हे करताना गाडीच्या पुढेमागे कुणालाही उभं करू नका, नातवंडांना तर मुळीच नाही.

आणि तिसरी शक्यता. सगळे गिअर ठीक, पण चालत्या गाडीत एकच गिअर, समजा दुसरा, करकरतो. तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. सकाळी थंडीत सगळेच जड आणि दोन-चार किलोमीटरनंतर हलके, तर ऑइल जाड आहे का ते बघावं. गिअरबॉक्स खोलायची वेळ आली तर ती इथे, शेवटी येते. सुरुवातीला नाही.

यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असलं की कार्य असतं, हा अन्वय. कारण काढलं की कार्य जातं, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात भेदाची रीत मांडली, ती याच्या जवळची. अट एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ऑइल, केबल, प्लेट एकदम बदललीत तर गाडी सुधारेलही, पण तुम्हाला कळलेलं काहीच नसेल.

आमच्या गाडीत इंजिन बंद असतानाही सगळे गिअर जड होते. मग एका वयस्कर मिस्त्रींनी, ज्यांचा उमेदीचा काळ मुंबईच्या टॅक्सी दुरुस्त करण्यात गेला, गिअरबॉक्सजवळ दांडे सोडवले. गिअरबॉक्सवरचा छोटा आर्म हाताने हलवला. तो सहज हलला, एकेक गिअर टकटक पडला. वर स्टिअरिंगचा दांडा मात्र सुटा करूनही जडच. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष! खांबाच्या तळाशी सांध्यात चिखल वाळून दगड झाला होता, बुश कोरडे होते. रॉकेलने धुतलं, ग्रीस भरलं, दांडा हलका झाला. दोष गाडीचा नव्हता. चिखल न धुता तिला उभी ठेवणाऱ्या आमचा होता.

आम्ही लगेच पेढे मागवायला निघालो. मिस्त्री म्हणाले, "थांबा सर, करकर कुठं गेलीय?" इंजिन चालू करून रिव्हर्स टाकला, तर करकर तशीच. क्लचच्या पेडलची मोकळी चाल वाढली होती, त्यामुळे पाय तळाला टेकला तरी क्लच अर्धवटच सुटत होता. चाल नीट केली, आवाज गेला. आमचं तर्कशास्त्र इथे उघडं पडलं. कार्य एक म्हणून कारणही एकच, असं आम्ही धरून चाललो होतो. कारणं दोन असली की एक काढल्यावर दुखणं अर्धंच जातं, आणि उतावळा माणूस अर्ध्यालाच पूर्ण समजतो. ऑइल? ते आजही तेच आहे. गाढव बिचारं निर्दोष सुटलं.

गिअरबॉक्स खोलला असता तर काय बिघडलं असतं? ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिच्याबरोबर तिचे सुटे भाग मिळण्याच्या जागा आणि ती ओळखणारे हात, दोन्ही आटत चालले आहेत. विनाकारण खोललेला गिअरबॉक्स पुन्हा तसाच बसेल याची हमी कोण देणार? आग रामेश्वरी लागली असताना बंब सोमेश्वरी पाठवला, तर आग विझत नाही, आणि सोमेश्वरी उगाच चिखल होतो.

तेव्हा ज्यांनी उपयोग विचारला त्यांना एवढंच सांगू. गाडी असो, शेतातली मोटर असो की घरातलं भांडण, पाना हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. दुखणं नेमकं केव्हा असतं? केव्हा नसतं? आणि या दोन वेळांत बदललं काय? पुढच्या वेळी आपण साक्षीपुराव्याकडे वळू. तोवर कुणाची गाडी अडली असेल तर इंजिन बंद करून गिअर टाकून बघा, आणि काय झालं ते येऊन सांगा.