चिनहटचं भांडं घेताना

लखनऊच्या पूर्वेला, फैजाबाद रस्त्यावर चिनहट लागतं. १९५७ मध्ये सरकारी प्रयत्नातून इथे झिलईदार भांड्यांचं काम सुरू झालं. दुधाळ अंगावर तपकिरी-हिरवी भौमितिक नक्षी ही त्यांची ओळख, आणि ती फार देखणी आहे. जुन्या भांड्याचं साल कधी शिक्क्यावरून ठरवता येतं. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या रुकवुड या भांड्यांच्या कारखान्याच्या शिक्क्यात १८८७ ते १९०० दरवर्षी एकेक ज्वाळा वाढत गेली. त्या मोजल्या की साल कळतं. भांड्यावर शिक्का नसेल, तर तळाची बिनझिलईची कड निरखावी. बोटाने वाजवून पाहावं. आवाज बद्द आला तर तडा असण्याची शक्यता मोठी.

जुनं भांडं कानाला धरून उचलू नका, तळाला हात द्या. झिलईला बारीक भेगा असतील तर पाण्यात भिजवू नका. पाणी आत मुरून डाग पडतात. ओलसर मऊ फडकं पुरे.