काटा जिवंत आहे का?

डिजिटल मल्टिमीटर आता कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. मग काट्याचा जुना मीटर मुद्दाम शोधून कशाला घ्यायचा? एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डिस्चार्ज करून ओहमच्या रेंजवर लावून बघा. काटा झपकन उजवीकडे झेपावतो आणि मग सावकाश डावीकडे परततो. परतताना मध्येच थांबला तर कपॅसिटर लीक आहे, जागचा हललाच नाही तर ओपन. डिजिटलवर तेवढ्या वेळात नुसते आकडे पळतात. रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल खरखरत असेल तर तो फिरवताना काटा नेमका झिजलेल्या जागी दचकतो. नेमका आकडा हवा तिथे डिजिटल बरा, पण काहीतरी बदलतंय आणि ते बदलताना बघायचंय, तिथे काट्याला तोड नाही.

जुन्या मीटरांत सगळ्यांत दबदबा ॲव्होचा. ब्रिटिश पोस्ट ऑफिसातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांना अँपिअर, व्होल्ट आणि ओहमसाठी वेगवेगळी उपकरणं वागवायचा कंटाळा आला आणि त्यातून १९२३ साली हा मीटर बाजारात आला. त्याचं ‘मॉडेल ८’ १९५१ पासून २००८ पर्यंत निघत होतं. अमेरिकेत हाच मान शिकागोच्या सिम्पसन २६० ला आहे, तर जपानी सान्वाचा वायएक्स-३६० आणि त्याच्या असंख्य नकला आपल्याकडे टीव्ही मेकॅनिकांच्या टेबलावर दिसायच्या. आणि आपला मोटवाने! नाशिक रोडला बनणारा हा मीटर महाराष्ट्राच्या जुन्या बाजारात अजून भेटतो. १९४२च्या गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’च्या खटल्यात आरोपी म्हणून उभे केले गेलेले नानिक मोटवाने याच घराण्यातले. तेव्हा सभांचे लाउडस्पीकर पुरवणारी त्यांची ‘शिकागो रेडिओ’ प्रसिद्ध होती.

नावावर मात्र भाळू नये. आधी डायलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘ओहम पर व्होल्ट’ काय लिहिलंय ते वाचावं. काट्याचा मीटर ज्या सर्किटला लावला त्यातूनच करंट घेऊन चालतो. कमी करंटमध्ये काटा पूर्ण जात असेल तर मीटर चांगला. ५० मायक्रोअँपचा काटा म्हणजे २०,००० ओहम पर व्होल्ट. १० व्होल्टच्या सप्लायवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये आहेत असं समजा. मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट असायला हवेत. २०,००० वाला मीटर १० व्होल्टच्या रेंजवर तिथे ४ दाखवतो आणि १,००० वाला एक व्होल्टही दाखवत नाही, ०.८३ वर थांबतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. मीटर लावल्यामुळे तिथला व्होल्टेजच तेवढा खाली बसलेला असतो. मुरलेले मेकॅनिक अशा वेळी रेंज बदलून बघतात. २०,००० वाला ५० च्या रेंजवर नेला की तोच बिंदू ४.७६ च्या आसपास दिसतो. दोन रेंजवर दोन उत्तरं आली की मीटर सर्किटवर भार टाकतोय हे उघड होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला म्हणून २०,००० च्या खालचा मीटर घेऊ नये. १,००० वाला मोटर-वायंडिंगच्या कामाला ठीक.

आता मीटर हातात घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात बॅटरी लावून बघण्याची सोय असेलच असं नाही, पण काट्याची परीक्षा बॅटरीशिवायही होते. मीटर आडवा ठेवून काटा शून्यावर आणा, मग उभा करा, कुशीवर करा. काटा शून्याच्या आसपासच राहिला पाहिजे. फार सरकला तर त्याचा तोल बिघडलाय. मग नॉब ऑफवर ठेवून मीटर हलका झुलवा. बहुतेक मीटरांत ऑफवर कॉइलची टोकं आपसात जोडली जातात, त्यामुळे काटा तेलात बुडाल्यासारखा जड चालतो. व्होल्टच्या रेंजवर तो मोकळा झुलायला हवा. दोन्हीकडे सारखाच भिरभिरत असेल तर कॉइल जळाल्याचा संशय घ्यावा आणि पुढच्या गाळ्याकडे वळावं. कॉइल गेलेला मीटर शोभेची वस्तू म्हणूनच घ्यायचा. मागचं झाकण उघडू दिलं तर सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर आहे का बघा. पत्रे खाल्ले असतील तर बदलता येतात, पण तो थर स्विचच्या कॉन्टॅक्टपर्यंत पोचला असेल तर काम वाढतं.

घरी आणल्यावर तो चांगल्या डिजिटलशेजारी एकाच सप्लायला लावावा आणि रेंजमागून रेंज ताडून बघावी. एकच रेंज चुकत असेल तर त्या रेंजचा रेझिस्टर सरकलाय; जुने कार्बन रेझिस्टर वयानुसार वाढतात आणि मीटर कमी दाखवू लागतो. डीसी बरोबर पण एसी चूक, तर रेक्टिफायर बघायचा. अचूकता पूर्ण स्केलच्या टक्क्यांत असते, हेही ध्यानात ठेवावं. ३ टक्क्यांचा मीटर २५० च्या रेंजवर कुठेही साडेसात व्होल्ट इकडेतिकडे जाऊ शकतो, म्हणून काटा स्केलच्या उजवीकडच्या एक-तृतीयांश भागात येईल अशी रेंज निवडायची. डायलवर आरशाची पट्टी असेल तर काट्याचं प्रतिबिंब काट्याखाली लपेल असं डोकं धरूनच वाचायचं.

ओहमच्या रेंजवर दोन गोष्टी डिजिटलपेक्षा वेगळ्या. सान्वा आणि ॲव्होसारख्या मीटरांत काळ्या प्रोबवर पॉझिटिव्ह येतो, लालवर निगेटिव्ह, त्यामुळे डायोड उलटा दिसतो. शिवाय वायएक्स-३६० चा ×१ वर करंट १५० मिलीअँपपर्यंत जातो. लहान डायोड आणि एलईडी त्यात गमवायला वेळ लागत नाही. ×१० वर तपासलेलं बरं. ॲव्होला ओहमच्या मोठ्या रेंजसाठी १५ व्होल्टची वेगळी बॅटरी लागते. ती सहज मिळत नाही, पण ३ व्होल्टचे पाच बटन सेल सीरिजमध्ये लावून भागतं.

मेन्सच्या पॅनलवर जुना मीटर वापरूच नये. त्या काळच्या मीटरांत आजच्यासारखं संरक्षण नसतं आणि रबरी वायरी आतून तडकलेल्या असतात. नवीन लीड घ्याव्यात, त्यात कंजूषी नको.

एसटीने आणणार असाल तर वाटेत काटा हेलकावे खाऊन पिव्होट खराब होऊ नयेत म्हणून नॉब ऑफवर ठेवा. ऑफ नसेल तर डीसी करंटच्या सर्वांत मोठ्या रेंजवर. टेबलावर ठेवल्यावर मात्र नॉब तिथून आधी हलवा. तसाच सप्लायला लावला तर पहिल्याच दिवशी शंट जळायचा.