काठीची सावली

उन्हाळा का होतो, असे वर्गात विचारले, तर पुष्कळ मुले बेधडक सांगतात की, त्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. उत्तर वरवर पाहता पटण्यासारखे आहे. चुलीजवळ बसणाऱ्याला अधिक शेक लागतो, हा घरोघरचा अनुभव. परंतु निसर्गाचा हिशेब निराळा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे उत्तर भारत थंडीने कुडकुडत असतो तेव्हा. आणि सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभी. जवळचे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, तर दूरचे सुमारे १५ कोटी २१ लाख. शिवाय जवळिकीनेच उन्हाळा होत असता, तर तो साऱ्या पृथ्वीवर एकदमच झाला असता. प्रत्यक्षात भारतात हिवाळा असतो, तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो.

मग खरे कारण कोणते? ते शोधण्यास दुर्बीण नको. अंगणात उभी रोवलेली एक मीटर लांबीची सरळ काठी पुरे. रोज मध्यान्ही तिची सावली मोजावी. मध्यान्ह म्हणजे मात्र घड्याळातले बारा नव्हेत. दिवसातली सर्वांत आखूड सावली पडते तो क्षण. मुंबईस तो मे महिन्यात बारानंतर सुमारे अर्ध्या तासाने येतो. ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याने अशी सावली मोजली, तर ती २१ जूनच्या सुमारास जेमतेम ५ सेंटिमीटर भरेल आणि २२ डिसेंबरच्या सुमारास जवळजवळ ११८ सेंटिमीटर! काठी तीच, अंगण तेच. बदलला तो किरणांचा कल.

पृथ्वीचा आस तिच्या भ्रमणकक्षेच्या पातळीवर सरळ उभा नाही. तो सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, आणि वर्षभर त्याचे टोक आकाशात एकाच दिशेस रोखलेले असते. त्यामुळे सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर सहा महिने दक्षिण गोलार्ध. किरण माथ्यावरून आले की त्यांची उष्णता थोड्या जागेत एकवटते. सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असला, तर तेवढीच उष्णता दुप्पट जागेवर पसरते. त्यातच उन्हाळ्यात दिवस मोठा. ऋतूंचे मर्म ते एवढेच.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेस राहणाऱ्यांस आणखी एक कौतुक पाहावयास मिळते. वर्षातून दोन दिवस सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच बुंध्याशी लुप्त होते. तंजावरास हा दिवस एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, मुंबईस मेच्या मध्यावर, तर इंदुरास जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. ग्वाल्हेर आणि दिल्ली मात्र कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे तो कधीच येत नाही.

याच सावलीने पृथ्वीही मोजता येते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने ईजिप्तमध्ये ते करून दाखविले. भारतात त्यासाठी बंगळूर आणि भोपाळ ही शहरे सोयीची आहेत, कारण ती जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. एप्रिलच्या २४ तारखेच्या सुमारास बंगळुरात सावली नाहीशी होते. त्याच मध्यान्ही भोपाळास एक मीटरच्या काठीची सावली सुमारे १८ सेंटिमीटर पडते. कागदावर त्रिकोण काढून पाहिल्यास हा कोन सव्वादहा अंशांच्या आसपास, म्हणजे वर्तुळाचा सुमारे पस्तिसावा भाग निघतो. दोन्ही शहरांतील सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. त्याची पस्तीस पट केली की ३९,९०० किलोमीटर होतात. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरांच्या जवळपास आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे एका काठीची करामत उमगते.

ऋतूंचे कारण नीट समजणे हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही. पृथ्वीचे सरासरी तापमान आज वाढत आहे, हे ऐकून कोणी म्हणतो, सूर्यच जवळ आला असेल. पण अंतर बदललेले नाही, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रहांनी केलेल्या मोजणीत सूर्याचे तेज वाढत चालल्याचेही आढळत नाही. बदलली आहे ती हवा. पृष्ठभागावरून परत जाणारी उष्णता कार्बन डायऑक्साइड वायू अडवून धरतो. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. २०२४ पर्यंत तो ४२० च्या वर गेला. कोळसा व खनिज तेल जाळणे हे त्याचे मुख्य कारण होय. आसाचा कल मनुष्याच्या हाती नाही. धुराचे प्रमाण मात्र त्याच्या हाती आहे. कोणते कारण कोठले, हा विवेक ज्याला अंगणातल्या काठीने शिकविला, तो या दोहोंत गल्लत करणार नाही.