परसातील कोंबड्यांचे पोटविकार : खुराड्यातील विष्ठा देते पहिला इशारा

नवी दिल्ली : 2019 च्या 20 व्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या 85 कोटींहून अधिक असून, त्यांपैकी सुमारे 31 कोटी 70 लाख पक्षी परसात पाळलेले आहेत. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली. दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबासाठी अंडी म्हणजे घरचे पोषण आणि अडीअडचणीला हाताशी राहणारा पैसा. पावसाळ्यात हगवणीची साथ शिरली, तर हा आधार काही दिवसांतच नाहीसा होऊ शकतो. रोज सकाळी खुराड्यातील विष्ठा पाहण्याची सवय असल्यास यातील बरीच हानी टाळता येते.

कोंबडीला दात नसतात. टिपलेले दाणे मानेच्या तळाशी असलेल्या अन्नपिशवीत साठतात, ओलावतात आणि पुढे पाचक रस मिसळून पेषणीत उतरतात. जाड स्नायूंची ही पेषणी गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने दाणे भरडते. मोकळी फिरणारी कोंबडी असे खडे स्वतः वेचते. कोंडून ठेवलेल्या आणि अख्खे धान्य खाणाऱ्या कोंबडीला ते पुरवावे लागतात. शिंपल्यांच्या चुऱ्यातून अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम मिळते. मात्र तो पोटात विरघळत असल्याने खड्यांची जागा घेऊ शकत नाही.

निरोगी कोंबडीची विष्ठा तपकिरी किंवा हिरवट, आकार धरून राहणारी आणि वर पांढरा थर असलेली असते. हा पांढरा भाग म्हणजे मूत्रावाटे टाकले जाणारे युरिक आम्ल होय. अधूनमधून पडणारी गडद, चिकट आणि उग्र वासाची विष्ठाही स्वाभाविक असते. उन्हाळ्यात पाणी अधिक प्यायल्याने विष्ठा पातळ होते. कोंबडी चपळ असेल आणि नीट खात असेल, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

अन्नपिशवीची तपासणी घरीही करता येते. रात्री भरलेली पिशवी सकाळी रिकामी झालेली असावी. ती सकाळीही टणक लागत असल्यास लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकल्याची शक्यता असते. पिशवी मऊ, फुगलेली असून चोचीला आंबूस वास येत असल्यास आतील अन्न आंबलेले असते. अशा वेळी कोंबडी उलटी धरून पिशवी दाबणे धोक्याचे आहे. आतील द्रव श्वासनलिकेत गेल्यास ती गुदमरून दगावू शकते. खाद्य थांबवावे, स्वच्छ पाणी ठेवावे आणि पशुवैद्यकाला दाखवावे.

पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसणे ही मात्र तातडीची बाब आहे. ‘कॉक्सिडिओसिस’ म्हणजेच रक्ती हगवण आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होते आणि प्रामुख्याने तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ग्रासते. उबदार, ओलसर जागी हा परजीवी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम बनतो. त्यामुळे भुशाची गादी कोरडी ठेवणे, ती वरखाली करणे आणि पाण्याचे भांडे सांडणार नाही असे बसवणे, हाच मुख्य प्रतिबंध ठरतो. औषध वेळेत दिल्यास पिल्ले वाचू शकतात.

हिरवी हगवण, धाप आणि वाकडी होणारी मान ही राणीखेत किंवा मानमोडी रोगाची लक्षणे असू शकतात. उत्तराखंडमधील राणीखेत या गावावरून भारतात हे नाव रूढ झाले. या विषाणूजन्य रोगावर उपचार नाही. लसीकरण हाच उपाय आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस दिली जाते. वजन घटणे, तुरा फिका पडणे आणि अंडी कमी होणे यांमागे जंतही असू शकतात.

हगवण दिसताच माणसांसाठीच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या पाण्यात मिसळण्याचा प्रकार टाळायला हवा. विषाणू, जंत किंवा आयमेरियावर बहुतेक प्रतिजैविके उपयोगी पडत नाहीत. उलट जिवाणूंमध्ये औषधांना दाद न देण्याची क्षमता वाढते. याच चिंतेतून केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनच्या उत्पादन व विक्रीवर बंदी घातली. कोणतेही औषध दिल्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या कोंबडीची अंडी खाऊ किंवा विकू नयेत.

आजारी पक्षी त्वरित वेगळा करावा. तो बाजारात विकल्यास रोग दुसऱ्या गावात पोहोचतो. एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरून मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी 1962 हा मदत क्रमांक अनेक राज्यांत उपलब्ध आहे.