जुना संगणक, नवी करामत

लिनक्स : मुळात फक्त कर्नल (प्रणालीचा गाभा), १९९१मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. उबुंटू (२००४), मिंट (२००६) या त्यावर उभ्या असलेल्या पूर्ण प्रणाली.

लाइव्ह पेनड्राइव्ह : लिनक्स इन्स्टॉल न करता चाचणी. आयएसओ फाइल (प्रणालीची डाउनलोड केलेली प्रत) नुसती कॉपी करून भागत नाही. रुफससारख्या साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते! संगणक सुरू होताना एफ१२ किंवा एस्केप दाबून (कंपनीनुसार बटण बदलते) पेनड्राइव्ह निवडायचा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर इथेच तपासावेत.

रास्पबेरी पाय (२०१२) : क्रेडिट कार्डाएवढा संगणक. त्यावर पाय-होल हे सॉफ्टवेअर टाकल्यास घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या बऱ्याच जाहिराती अडतात. रेट्रोपाय टाकल्यास जुने व्हिडिओ गेम.

फ्रीडॉस : हे लिनक्स नव्हे. सुरुवात १९९४, डॉस या जुन्या प्रणालीच्या काळातले गेम यावर आजही चालतात.