पायाखालचा बर्फ

"काकू, बर्फावर पडलं तर जास्त लागतं की कोब्यावर?"

आमच्या सोसायटीतल्या चौथीतल्या मुलीने मला हे विचारलं. ती तेव्हा पायरीवर बसून स्केट्सचे पट्टे आवळत होती. कामोठ्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला इमारतींखालचं पार्किंग मोकळं असतं, कारण कामावर गेलेल्यांच्या गाड्या अजून सायन-पनवेल महामार्गावर असतात. अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावर चाकं अडखळतात. म्हणून स्केटिंगचे सर पार्किंगच्या कोब्यावर नारिंगी कोन मांडतात, आणि दहा-बारा पोरं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड चढवून दोन खांबांच्या मधून फिरायला लागतात.

या मुलीला मी आदल्या दिवशी मोबाइलवर एक जुनी चित्रफीत दाखवली होती. गुलाबी झालरीच्या पोशाखातली सोळा वर्षांची पोर बर्फावर नाचते आहे आणि शेवटी रडू आवरत नाही म्हणून तोंड झाकून घेते आहे. युक्रेनची ओक्साना बायुल, 25 फेब्रुवारी 1994.

प्रश्नाचं उत्तर मला नीटसं देता आलं नाही. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीबाजारातली लादी. कोळीण टोच्याने ती फोडते तेव्हा नीट बघा, लादी कडेला काचेसारखी पारदर्शक आणि मधोमध पांढरी असते. पाणी कडेकडून गोठत जातं, त्यातली हवा आत ढकलली जाते आणि मधे अडकते. स्केटिंगच्या रिंकवर ही हवा नको असते. म्हणून थंड नळ्यांचं जाळं घातलेल्या जमिनीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवतात, आणि यंत्राने पृष्ठभाग तासून वरून चक्क गरम पाणी फिरवतात. गरम पाण्यात हवा कमी विरघळलेली असते, शिवाय त्याने जुने ओरखडे वितळून भरून येतात. सगळी जाडी चार बोटांहूनही कमी. 60 मीटर लांब, 30 मीटर रुंद अशा या पातळ थरावर एखाद्याचं अख्खं आयुष्य उभं राहतं, आणि तो थर चोवीस तास गार ठेवायला कुणाला तरी पैसे मोजावे लागतात.

ओक्सानाच्या बाबतीत हे मोजणारे हात एकामागून एक सुटत गेले. जन्म 16 नोव्हेंबर 1977चा, द्निप्रोपेत्रोव्स्कचा. त्या शहराला आता द्निप्रो म्हणतात. ती दोन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. आई फ्रेंच शिकवायची. आजी-आजोबा गेले आणि 1991मध्ये कर्करोगाने आईही गेली. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. त्याच वर्षी सोव्हिएत संघ मोडला. खेळाडूंना पोसणारी सरकारी व्यवस्था कोसळली, आणि तिला लहानपणापासून शिकवणारे स्तानिस्लाव कोरितेक काम शोधत कॅनडाला निघून गेले.

मग ओडेसाच्या प्रशिक्षिका गालिना झ्मिएव्स्काया यांनी तिला घरी आणलं. घर लहानसंच होतं. धाकट्या लेकीच्या खोलीत तिची सोय झाली. थोरल्या लेकीचा नवरा विक्टर पेत्रेन्को, 1992च्या आल्बर्टव्हिल ऑलिंपिकचा विजेता. त्याने तिच्या बुटांचा, पोशाखांचा खर्च उचलला. पुढच्याच वर्षी, मार्च 1993मध्ये, प्रागला ती जगज्जेती झाली. वय पंधरा. नॉर्वेच्या सोन्या हेनीनंतर इतक्या कोवळ्या वयात हे कुणाला साधलं नव्हतं. युरोपीय स्पर्धेत मात्र 1993 आणि 1994, दोन्ही वर्षं फ्रान्सच्या सूर्या बोनालीने तिला दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं.

1994चं हिवाळी ऑलिंपिक नॉर्वेत लिलेहामरला होतं, त्यातलं फिगर स्केटिंग जवळच्या हामार गावात. सगळ्या जगाचं लक्ष दोन अमेरिकन मुलींवर होतं: जानेवारीत जिच्या गुडघ्यावर हल्ला झाला ती नॅन्सी केरिगन, आणि त्या हल्ल्यात जिच्या माणसांचा हात निघाला ती टोन्या हार्डिंग. छोट्या कार्यक्रमानंतर केरिगन पहिली होती, बायुल दुसरी. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी सरावात बायुल जर्मनीच्या टान्या शेवचेन्कोवर आदळली. उजव्या नडगीला जखम झाली, तीन टाके पडले, पाठ लचकली. दुसऱ्या दिवशी नियमात बसणारी वेदनाशामक इंजेक्शनं घेऊन ती बर्फावर उतरली.

चार मिनिटांचा तो कार्यक्रम मी कितीदा तरी पाहिला आहे. शेवटचे काही सेकंद पुन्हा पुन्हा पाहते. आधी एक उडी नीट साधलेली नसते. दमलेलं, दुखरं शरीर असतं. आणि संगीत संपता संपता ती ठरल्याबाहेरची तीन गिरक्यांची टो लूप घालते, वर आणखी दोन उड्यांची जोडी. टाके पडलेला पाय आहे आणि उडीनंतर शरीराचा सगळा भार एकाच पायावर, चारेक मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर, तेही त्याच्या एकाच कडेवर उतरतो. पात्याला मधे खोलगट चर असतो, म्हणून त्याला दोन कडा असतात. उडी कुठल्या कडेवरून सुटली यावरून तिचं नाव ठरतं. लुट्झ आणि फ्लिप यांच्यातला फरक एवढाच, की एकीत बाहेरच्या कडेवरून उसळायचं आणि दुसरीत आतल्या.

तेव्हा 6.0 ही कमाल गुणांची पद्धत होती. नऊ परीक्षक तांत्रिक आणि कलात्मक असे दोन गुण द्यायचे, पण निकाल बेरजेवर नव्हे, तर कुणाच्या यादीत कोण कितवं यावर ठरायचा. पाच जणांनी बायुलला वर ठेवलं, चौघांनी केरिगनला. जर्मन परीक्षक यान हॉफमन यांच्याकडे दोघींची बेरीज सारखी झाली होती, आणि तिथे नियमाने कलात्मक गुण वरचढ धरला गेला. हॉफमन स्वतः माजी जगज्जेते. एका माणसाच्या एका गुणावर सुवर्णपदक गेलं. केरिगनच्या उड्या जास्त स्वच्छ होत्या, यात वादच नाही. तरी मी बायुलच्याच बाजूची आहे. संगीत तिच्या बोटांच्या टोकांपर्यंत जातं, केरिगनचं मनगटाशी थांबतं. आजची पद्धत, 2002च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या जोडी-गटाच्या परीक्षणातल्या घोटाळ्यानंतर आलेली, प्रत्येक उडीला आधीच मोल लावते, आणि त्या हिशेबात बहुधा केरिगन जिंकली असती. त्याहून मोठा बदल वयाचा. 2022मध्ये ठरलं की वरिष्ठ गटाला मोसमाआधीच्या 1 जुलैला सतरा पूर्ण हवीत. आज बायुलला हामारमध्येही उतरता आलं नसतं आणि प्रागमध्येही. हा नियम मला मनापासून पटतो.

पदक द्यायला बराच उशीर झाला, कारण युक्रेनच्या राष्ट्रगीताची ध्वनिफीत आयोजकांना सापडत नव्हती. स्वतंत्र देश म्हणून युक्रेनचं हे पहिलंच हिवाळी ऑलिंपिक, आणि त्यातलं हे पहिलं सुवर्ण.

त्यानंतर तिने स्पर्धा सोडल्या. सोळाव्या वर्षी. ती अमेरिकेत गेली, शो केले, हातात पैसा आला. मागे घर असं उरलं नव्हतं. दारूच्या आहारी गेली, 1997च्या जानेवारीत गाडीचा अपघात झाला, व्यसनमुक्तीचे उपचार घ्यावे लागले. त्यातून ती बाहेर आली. पण जगज्जेतेपद ते ऑलिंपिक सुवर्ण हा सगळा स्पर्धात्मक प्रवास जेमतेम वर्षभराचा.

आपल्याकडे सिमल्यात 1920पासून उघड्यावर नैसर्गिक बर्फाची रिंक आहे. देहरादूनला 2011मध्ये मोठी बंदिस्त रिंक बांधली, ती पुढे कितीतरी वर्षं कुलूपबंद राहिली. मुंबईकरांना गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधली छोटीशी रिंक आठवत असेल. तिथे कुणी गिरक्या शिकलं नाही, कठडा धरून उभं राहिलं. मग आपली पोरं चाकांवर तेच शिकतात. कलात्मक रोलर स्केटिंगमध्ये उड्यांची नावंही तीच: सालखो, लुट्झ, अॅक्सेल. 2010च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामाने एकेरीत आणि अवनी पांचाळसोबत जोडीत अशी दोन कांस्यं आणली. 2023मध्ये हांगझूला पुरुषांच्या 3000 मीटर वेगवान रिलेचं कांस्य आलं, तेव्हा चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन नावं होती.

युक्रेनमध्ये आता बर्फाची गोष्ट वेगळीच झाली आहे. मार्च 2022मध्ये माँपेलिएच्या जागतिक स्पर्धेला युक्रेनचा स्केटर इव्हान श्मुरात्को युद्धातून थेट पोहोचला आणि सरावाच्या कपड्यांतच उतरला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दिमित्रो शार्पार हा जोडी-स्केटर 2016च्या युवा ऑलिंपिकमध्ये हामारच्या त्याच बर्फावर खेळला होता, जिथे बायुल जिंकली. जानेवारी 2023मध्ये बाखमुतजवळ लढताना तो गेला. पंचवीस वर्षांचा होता.

चौथीतली ती मुलगी सध्या अर्धी गिरकी घेते आणि उतरताना टाच टेकवते. सर खांबाला टेकून सांगत असतात, "गुडघा वाकव गं, हात पुढे." कालच तिची पहिली अर्धी गिरकी न पडता उतरली. ती मला शोधत वळली, तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. सात वाजत आले होते. सरांनी कोन एकात एक घातले, पोरं भिंतीला सरकली, आणि पांढरी गाडी आपल्या आखलेल्या चौकटीत येऊन उभी राहिली.