लाल चहाचे झुडूप परभणीत रुजेल का?

उमराहहून परतलेल्या पाहुण्यांनी आमच्या घरी रूइबॉस चहाचे एक पाकीट आणले. रंग लाल, चव किंचित गोड, आणि त्यात कॅफीन नसते. इशाच्या नमाजनंतर प्यायला तरी अम्मींची झोप उडेना, म्हणून पाकीट लवकरच संपले. मग धाकट्या भावाने विषय काढला, "याची रोपे फोनवर एक जण विकतोय. एकरभर लावून बघू या का?" तो खर्च म्हणजे आमचा वर्षाचा किराणा. पैसे देण्याआधी झुडपाची माहिती काढायचे आम्ही ठरवले.

रूइबॉस हे चहाचे झाड नव्हेच. ते आपल्या तुरीच्या कुळातले, शेंगा धरणारे झुडूप आहे. पाने सुईसारखी, फुले तुरीसारखी पिवळी. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात आणि सोटमूळ खोल जाते. त्याच्या शेंगेत बहुधा एकच बी असते. पिकल्यावर शेंग तडकते आणि बी दूर उडते. मुंग्यांनी वारुळात साठवलेले बी काढून लोकांनी पहिली लागवड केली, असे सांगतात. बीचे कवच इतके टणक असते की घासल्याशिवाय ते नीट उगवत नाही.

त्याचे घर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला सेडरबर्ग डोंगराळ भाग. तिथे 1930 च्या दशकात शेती सुरू झाली. रोपवाटिकेतली रोपे तिथल्या हिवाळी पावसात शेतात लावतात. सुमारे दीड वर्षाने पहिली कापणी होते. फांद्या बारीक कापून, ठेचून, ओल्या ढिगात ठेवल्या की हिरवा पाला लाल होतो. मग तो उन्हात वाळवतात. 2021 साली युरोपीय संघाने हे नाव त्या भागासाठी राखीव केले.

आता आपल्याकडे बघा. त्याला रेताड, आम्लधर्मी, पाणी न धरणारी जमीन लागते. परभणीची काळी कसदार माती चिकण, ओल धरणारी आणि बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी. त्याला पाऊस थंडीत हवा, आपला येतो जून ते सप्टेंबर. म्हणजे भरपावसाळ्यात मुळाशी पाणी साचणार. भावाने रोपांचा नाद सोडला.

या मातीला मानवणारा रूइबॉसचा भाऊबंद म्हणजे तूर. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने बीडीएन-711 सारखे वाण दिले आहेत. ते लवकर येतात, म्हणून पावसाने दगा दिला तरी निभावतात.

आणि लाल चहाच हवा असेल तर बांधावर लाल अंबाडी लावा. तिच्या बोंडांभोवतीची जाड लाल आवरणे वाळवून उकळली की आंबट लाल पेय होते. इजिप्त-सुदानमध्ये त्यालाच करकदे म्हणतात. त्यातही कॅफीन नसते. मात्र रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आमच्या अम्मी आता रात्री अंबाडीचाच चहा घेतात, गूळ घालून. नवे पीक लावायचे मनात आले तर आधी माती तपासून घ्या, मगच पैसे मोजा.